दाराच्या आतून

मी, शालिग्राम दगा पाटील, वय अठ्ठ्याहत्तर, नौदलाच्या हवामान शाखेतून निवृत्त, राहणार भेस्तान, सुरत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दाराला बाहेरून कुलूप आहे, तेवढं वगळून.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वकमाईचा आहे. तो मुलगा योगेंद्र याला मिळावा. मुलगी रंजना हिने हरकत घेऊ नये; बँकेतली ठेव तिची. कुलपाबद्दल तिला फोन केला तर म्हणाली, "आबा, दादा म्हणतो ते ऐका." म्हणून फ्लॅटमध्ये वाटा नाही.

२. कुलपाची हकिकत अशी. गेल्या वर्षी मी एकटाच डुमसला समुद्र बघायला निघालो आणि वाटेत चक्कर येऊन पडलो. तेव्हापासून योगेंद्र आणि सूनबाई शीतल कामावर जाताना मला आत ठेवून कुलूप लावतात. त्याला भीती वाटते, हे मला कळतं. मग तूच ने म्हटलं, तर दर रविवारी मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज पुढे धरतो. "आजे नहीं, आबा. वरसाद बतावे छे." म्हणजे आज नको, पाऊस दाखवतोय. पाऊस नसला तर ऊन, ऊन नसलं तर वारा. आज पावसाचं कारण सांगून सगळे बारडोलीला लग्नाला गेले. पाऊस बहुधा माझ्या एकट्यावरच पडणार होता.

३. माझा जुना लाटांचा नकाशाही योगेंद्रलाच द्यावा. संगणकाने काढलेले असे नकाशे वाचून जहाजांना अंदाज देण्यात माझी नोकरी गेली. समुद्रावर लाटांच्या उंचीच्या रेषा आणि वाऱ्याचे बाण असतात. जमीन कोरी सोडलेली असते. सुरत त्या कोऱ्या भागात येते. मी तिथेच बसलोय. आमचे कॅप्टन नकाशा बघून जाऊ की नको, असं कधी विचारायचे नाहीत. म्हणायचे, "जाना तो है, पाटील. कब निकलूँ, वो बताओ." अंदाज लागतो तो निघण्यासाठी. घरात बसायला अंदाज कशाला हवा? योगेंद्रला हे कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

४. कुलूप किल्ल्यांसकट शेजारच्या मंगलाबाईंना द्यावं. त्यांच्या पाण्याच्या टाकीला लागेल. आत माणूस असताना या दाराला पुन्हा बाहेरून कुलूप लागू नये.

५. आता राग बाजूला ठेवून लिहितो. मृत्युपत्राने जिवंत माणूस बाहेर पडत नाही, हे मला माहीत आहे. फार कोंडल्यासारखं होतं. मला एकदा समुद्र बघायचा आहे. पुढच्या रविवारचा अंदाज मीही पाहिला. सकाळी वारा मंद, लाटा लहान. योगेंद्र तरीही काहीतरी शोधेल. असंच चालत राहिलं, तर माझी शेवटची अट ऐकावी. मला खांदा देण्याआधी त्याने मोबाइल बघू नये. पाऊस असो, वादळ असो, त्या दिवशी तरी "आजे नहीं" म्हणू नये.

साक्षीदार: भटू सोनवणे व आनंदा वानखेडे, दोघेही शेजारी. मंगलाबाईंना कुलूप मिळणार असल्याने त्यांची सही घेतली नाही. दोघांनी गॅलरीत उभं राहून, खिडकीच्या गजांतून मला सही करताना पाहिलं आणि कागद बाहेर घेऊन आपापल्या सह्या केल्या. भटू म्हणाला, "आबा, कुलूप तोडी टाकू का?"

मी नको म्हणालो. ते योगेंद्रनेच उघडायला हवं.

शालिग्राम दगा पाटील
भेस्तान, सुरत, दाराच्या आतून
रविवार, १ जून २०२५