हेरॉन्सच्या पराभवांची अंतर्गत तपासणी

शनिवार, ९ सप्टेंबर

मी, लेनर्ड पाव्लिकी, वय वर्षे चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, मोटारींच्या काचा तयार करणाऱ्या कारखान्यात अंतर्गत हिशेबतपासणीचा प्रमुख आणि टोलेडो हेरॉन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा वडिलोपार्जित पाठीराखा, आजपासून ही रोजनिशी लिहीत आहे. हेतू एकच. माझी मुलगी टेस जानेवारीत नोकरीसाठी सिअ‍ॅटलला जात आहे. सहा वर्षांची असल्यापासून ती स्टेडियममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत आली आहे. हा तिचा इथला शेवटचा मोसम. घरच्या मैदानावर निदान एक विजय आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहावा, एवढीच माझी माफक अपेक्षा आहे.

संकल्प : पंचांवर ओरडणार नाही. पराभवानंतर कोणाशी अबोला धरणार नाही. शकुन-अपशकुनाला थारा देणार नाही. तो शिक्षण न झालेल्या लोकांचा प्रांत आहे. उदाहरणार्थ, माझा मेहुणा डुएन.

रविवार, १० सप्टेंबर

हरलो.

सकाळ उत्तम गेली होती. पार्किंगमधल्या आमच्या ठरलेल्या कोपऱ्यात डुएनने ट्रकच्या मागे शेगडी पेटवून सॉसेज भाजले. जोआनने, म्हणजे माझ्या पत्नीने, राजमा-खिम्याच्या चिलीचे पातेले आणले होते. आमच्या पुढच्या रांगेत बसणारे वृद्ध एड ओलाहही नेहमीप्रमाणे खायला आले. डोक्यावर दिवंगत पत्नीने विणलेली लोकरी टोपी, भर उन्हात.

मग सामना झाला. आमचा क्वार्टरबॅक कोल्टन रीस याने चेंडू आपल्या गड्यांकडे फेकायचा असतो. त्याने तो तीनदा प्रतिस्पर्ध्यांच्या हातात नेऊन ठेवला. डुएन म्हणाला, "अरे, आहेर वाटतोय का हा?"

पंचांवर ओरडलो नाही. वस्तुस्थिती मोठ्या आवाजात त्यांच्या निदर्शनास आणून दिली, इतकेच.

रविवार, २४ सप्टेंबर

पुन्हा हरलो. रीसचा खांदा दुखावला.

परतीच्या वाटेवर डुएनने गंभीरपणे जाहीर केले की आपल्यापैकी कोणीतरी पांढऱ्या पायाचे आहे. मी हसलो. टेसही हसली आणि म्हणाली, "मामा, तूच असशील. तुझ्या बुटांकडे बघ, नांगरणी करून आल्यासारखे आहेत." घर येईपर्यंत दोघांचे हेच चालले होते.

रात्री शांतपणे विचार केला. डुएनचे विधान अंधश्रद्धेचे आहे, यात शंका नाही. परंतु ते खोटे असल्याचे सिद्ध झालेले नाही. तपासनिसाने कोणतेही विधान तपासल्याशिवाय फेटाळू नये. पद्धत सरळ आहे : प्रत्येक सामन्याला एक घटक वगळायचा आणि परिणाम पाहायचा. याला अपशकुन मानणे म्हणत नाहीत. याला तपासणी म्हणतात.

रविवार, ८ ऑक्टोबर

पहिला घटक : एड यांची टोपी.

ती गाडीत ठेवून येण्याची त्यांना विनंती केली. ते म्हणाले, "लेन, ही मार्गारेटची आहे. हिच्यामुळे आपण चांगले दिवसही पाहिलेत." मी म्हणालो की प्रश्न चालू वर्षाचा आहे. बिचाऱ्यांनी टोपी काढली. दुसऱ्या सत्रात नदीवरून गार वारा सुटला आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. टेसने आपला मफलर त्यांच्या डोक्याला गुंडाळला आणि उरलेला वेळ माझ्याकडे पाठ करून बसली.

हरलो. टोपी निर्दोष. एड यांना तसे फोनवरून कळवले. ते शिंकत होते.

रविवार, २२ ऑक्टोबर

दुसरा घटक : डुएन.

तो आनंदाने घरी थांबला. इतक्या आनंदाने, की मला संशय आला. त्याच्याबरोबर शेगडीही घरीच राहिली, हे आधी लक्षात आले नाही. पार्किंगमध्ये आम्ही तिघे थंड सँडविच खात उभे होतो. शेजारच्या ट्रकवाल्यांनी विचारले, "कोणी गेलं का तुमच्यातलं?"

हरलो. डुएन निर्दोष. फोन केला तर मागे हशा ऐकू येत होता. एडही तिथेच होते, टोपी घालून. डुएन म्हणाला, "लेन, तळघरात हीटर लावलाय, डुकराच्या बरगड्या भाजल्यात, बाथरूमला रांग नाही! आम्ही हरलो, पण काय मजेत हरलो!"

निर्दोष ठरलेल्या व्यक्तीने पुढच्या सामन्याला परत यावे, असा नियम मी घालून दिला होता. एड यांनी तो मोडला आणि डुएनचाही परतण्याचा विचार दिसला नाही. संकटकाळात निष्ठेची परीक्षा होते.

सोमवार, ६ नोव्हेंबर

प्रशिक्षकाला काढले. मालकांच्या निवेदनात "नवी दिशा" असा उल्लेख आहे. गेल्या प्रशिक्षकाला आणतानाही हीच दिशा होती.

कारखान्यात सगळे याच विषयावर बोलत होते. मी माझ्या पद्धतीची माहिती दिली. ऐकून सगळे आपापल्या टेबलाकडे परतले. पद्धत पटली असावी.

रविवार, १२ नोव्हेंबर

तिसरा घटक : जोआन.

ती नाराज होईल, म्हणून दोन दिवस शब्दांची जुळवाजुळव करत होतो. ऐकून म्हणाली, "लेन, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. याहून छान भेट तू मला दिलेली नाहीस." आणि चिलीचे पातेले घेऊन डुएनकडे गेली.

एका गुणाने हरलो. शेवटच्या क्षणी आमच्या किकरने मारलेला चेंडू खांबाला लागून मागे आला. टेसने माझा हात घट्ट धरला होता. आम्ही दोघे बराच वेळ तसेच बसून राहिलो. पायऱ्या झाडणारे आले, तेव्हा ती म्हणाली, "डॅड, खांबाला लागलेला मोसमातला सगळ्यात चांगला फटका होता." मला हसू आले. मोसमातला सर्वांत चांगला दिवस म्हणावा लागेल, अर्थात निकाल वगळून.

जोआन निर्दोष.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचा सण. टर्की थोडी कोरडी.

डुएनने जेवताना मुद्दाम विचारले, "मग साहेब, तपासणी कुठवर आली? उरलंय कोण?" सगळे एकदम आपापल्या बशीकडे पाहू लागले. एड यांनी बटाटे पुढे केले. टेस म्हणाली, "दोघंच उरलोय. नाणं उडवूया, डॅड?"

नाणेफेक ही पद्धत नव्हे. मी तिला सांगितले की वयाच्या क्रमाने आतापर्यंत मोठे लोक झाले, आता लहानांची पाळी. एड पंच्याहत्तरचे, जोआन एकावन्नची, डुएन मधला. क्रमात मीही येतो हे जोआनने निदर्शनास आणले. परंतु तपासनिसाने स्वतः हजर राहणे आवश्यक असते. तो नसेल तर निरीक्षण कोण नोंदवणार?

टेस म्हणाली, "डॅड, घरचे तीनच सामने उरलेत माझे."

मी म्हणालो, म्हणूनच घाई केली पाहिजे. दोष या रविवारी सापडला, तर पुढचे दोन आपल्याला निर्धास्त पाहता येतील. तिने मान डोलावली आणि गोड वाढायला उठली. पटले असावे.

रविवार, २६ नोव्हेंबर

चौथा घटक : टेस.

आमच्या चारही खुर्च्यांमध्ये मी एकटा. अनोळखी जोडपे आले आणि त्यांनी आपले कोट टेसच्या खुर्चीवर टाकले. ही जागा घेतलेली आहे, असे सांगितल्यावर त्या बाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "कुणी?"

दणदणीत हरलो. राखीव क्वार्टरबॅक स्वतःच्याच गड्याच्या पाठीवर चेंडू आपटून खाली बसला. हे सांगायला वळलो, तर शेजारी कोट.

टेस निर्दोष.

बुधवार, २९ नोव्हेंबर

वगळण्याच्या पद्धतीने जो घटक उरतो, तो इथे नमूद करण्याची आवश्यकता वाटत नाही. नमुना लहान आहे. हवामानाचा परिणाम विचारात घेतलेला नाही. प्रशिक्षक मध्येच बदलला. काढलेला निष्कर्ष घाईचा ठरेल.

जोआनने विचारले की झोप का येत नाही. पित्त, असे सांगितले.

रविवार, १० डिसेंबर

ताप. शुक्रवारपासून अंथरुणात. सगळे स्टेडियमला गेले, तळघरवालेसुद्धा; मी नाही म्हटल्यावर त्यांना अचानक मोकळी हवा आठवली. मी डोक्यावर पांघरूण घेऊन पडलो होतो.

जिंकलो.

टेसचा फोन आला. आधी नुसती गर्जना, मग तिचा बसलेला आवाज : "डॅड! डॅड, बघितलंस का? एड नाचतायत!" मग डुएनने फोन हिसकावला : "लेन, माझ्या सोन्या, पाया पडतो, आजारीच राहा!"

मला अतिशय आनंद झाला. तापही उतरला. उठून कपाट आवरले.

घरच्या मैदानावरचा विजय टेसने पाहिला. अपेक्षा जवळजवळ पूर्ण झाली म्हणायची. फक्त "शेजारी बसून" एवढे दोन शब्द राहिले.

रविवार, ३१ डिसेंबर

पुढच्या रविवारी शेवटचा सामना, राज्याच्या सीमेपलीकडच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्यांशी. हा हरलो, तर वर्षभर कामावर त्यांच्या बाजूच्या लोकांकडून टोमणे खावे लागतात. मंगळवारी, नऊ तारखेला, टेसचे विमान.

मी निर्णय सांगितला : मी येणार नाही. पुरावा स्पष्ट आहे. टेसने टोलेडो सोडताना शेवटची आठवण विजयाची असली पाहिजे.

टेस म्हणाली, "डॅड, मला तू यायला हवा आहेस." मी म्हणालो की भावना आणि पुरावा यांत गल्लत करू नये. ती म्हणाली, "पुरावा खड्ड्यात गेला! हरले तर हरले. तू नसलास तर मी कुणाबरोबर ओरडू?" जोआन तिला म्हणाली, "सोड गं, तुझ्या वडिलांना एकदा सिद्ध करायचं ठरलं की देवसुद्धा साक्षीदार म्हणून उभा राहायला घाबरतो."

तिला आज कळणार नाही. काही वर्षांनी कळेल की बापाने तिच्यासाठी काय सोडले. डुएनने मात्र मला मिठी मारली आणि म्हणाला की मी संघाचा खरा सेवक आहे. या माणसाबद्दल माझे मत सुधारत आहे.

रविवार, ७ जानेवारी. सकाळ

सगळे नऊ वाजताच निघाले. टेसने दारातून पुन्हा विचारले. मी ठाम राहिलो.

घरी टीव्ही आहे, मोह होईल. ऑफिसात पहारेकरी रेडिओ लावतो. म्हणून एरी तलावाच्या काठी जाऊन बसायचे ठरवले आहे. फोन बंद. गाडीचा रेडिओ बंद. दूर राहायचे तर पूर्ण दूर राहावे.

रविवार, ७ जानेवारी. संध्याकाळ

तलाव गोठलेला. वारा बोचरा. थर्मासमधली कॉफी दुपारपर्यंत पुरवली.

बर्फात भोक पाडून मासे धरणारा एक म्हातारा होता. त्याच्या बादलीशेजारी रेडिओ. मी कानांवर हात ठेवून गाडीत बसलो. त्याला वाटले, मला बरे वाटत नाही. तो आला आणि काचेवर टकटक केली. मी काच खाली केली नाही. त्याने काचेतूनच ओरडून विचारले, "ठीक आहात ना, साहेब?" मी मान हलवली. तो आणखी मोठ्याने ओरडला, "असं व्हायचंच! अठ्ठावीस गुणांनी मागे आहेत आपले!"

म्हणजे मीही नव्हे.

सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडला. पाठोपाठ दुसरा विचार आला. तो लिहीत नाही. एवढेच लिहितो की गेला महिनाभर मी समजत होतो, माझ्या असण्या-नसण्याने त्या मैदानावर काही फरक पडतो.

घरी पोचलो तेव्हा डुएन ओट्यावरच होता. मला पाहून ओरडला, "सुटलास लेका! तू पांढऱ्या पायाचा नाहीस! हे लोक मुळातच वाईट खेळतात!" एड यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढच्या मोसमात मी निःशंकपणे यावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

टेस दिसली नाही. जोआनला विचारले. ती म्हणाली, "तुझ्याबरोबर नाही का?"

दुसऱ्या सत्रातच टेस खुर्चीवरून उठली होती. तेव्हा आपण सहा गुणांनी पुढे होतो. "डॅडला आणते, ओढून आणते," असे सांगून ती गाडी घेऊन निघाली. घरी पाहिले. ऑफिसात जाऊन पहारेकऱ्याला विचारले. कोपऱ्यावरच्या बारमध्ये पाहिले, डुएनच्या तळघरात पाहिले. फोन करत राहिली, माझा बंद. सामना संपला, तेव्हा ती कारखान्याच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होती.

आली तेव्हा नाक लाल झाले होते. मी विचारले, इतका चांगला चाललेला सामना मध्येच का सोडलास? तिने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "जेवायला काय आहे?" थंड सॉसेज होते. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ले. मग ती सामान भरायला वर गेली.

डुएनचा ठराव मी नामंजूर केला आहे. आजच्या सामन्यात लेनर्ड पाव्लिकी गैरहजर होता. परंतु दुसऱ्या सत्रापासून टेसही गैरहजर होती. एकाच वेळी दोन घटक बदलले, तर कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. तपासणी अपूर्ण. ती पुन्हा करावी लागेल. आम्ही दोघे, शेजारी बसून, सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

त्यासाठी टेस टोलेडोत असणे आवश्यक आहे.

लेनर्ड पाव्लिकी
टोलेडो, ओहायो
७ जानेवारी २०२४