भोक पाडलेलं झाकण

अण्णा, तीन रात्री झाल्या, माझा डोळा लागला न्हाई. ओट्यावर पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत एक बाटली हाय, तिच्यात पाणी न्हाई, कास्टिक हाय. गाडीचा जुना रंग काढायचं. झाकणाला खिळ्यानं भोक पाडलंय, तुम्ही पाडायचे तसंच. तीन दिवसांमागं माझी लेक, तीन वर्षांची, ती बाटली दोन्ही हातांनी धरून तोंडाकडं न्यायली होती. तिच्या दुधाच्या बाटलीला बी असंच भोक हाय, तिला काय कळतं? मी हिसकली. थेंब माझ्या मनगटावर पडले, तिथलं कातडं सोलून आलंय, लिहिताना झोंबून राहिलंय. म्हनून झोप न्हाई. डोळा मिटला की ती बाटली दिसती.

मेलेल्या माणसाला कागद लिहून काय व्हतं, मला ठावं हाय. पाचवीतून तुम्हीच काढलं शाळंतून, तव्हा चुकलं तर चुकलं. जिवंत होते तव्हा तुमच्याम्होरं कोनी तोंड उघडलं? आता उघडते.

तुम्ही लई मोठे उस्ताद. नांदेडात कोनाची जीप रंगवायची असली की तुमच्याच दारात. "जुना रंग ठेवून वर नवा मारनारा कारागीर न्हाई, चोर हाय," असं गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचे. आन् बाजारात रंग काढायचं औषध डब्यात मिळत असताना कास्टिक घरीच कालवायचे, ते बी मायच्या स्वयंपाकघरात, कारन गरम पानी तिथं. मग बाटलीत भरायचे. बसलेत तुम्ही जीपच्या बॉनेटपाशी, भोकातून धार सोडताय, काठीला बांधलेल्या चिंध्यानं पसरताय. घडीभरानं रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. लोखंडी पत्तीनं खरवडला की खाली पांढरा पत्रा. मग धुनं. एकदा, दोनदा, तिनदा. बोट फिरवून बघताय, बुळबुळ राह्यली का. दाराच्या कोपऱ्यात थेंब राह्यला तर नवा रंग फुगतो म्हनून तो मारायला लिंबू पिळताय त्याच्यावर. पत्र्याची एवढी काळजी. कोपऱ्यातल्या थेंबाची काळजी. आन् भरलेली बाटली मायच्या माठाशेजारी! थू तुमच्या उस्तादीवर.

भाऊ चार वर्षांचा होता तव्हा. उन्हाचा खेळून आला आन् ती बाटली पिला. एकच घोट. त्याचा आवाज मी इथं लिहीत न्हाई. माय ओरडायली, तुम्ही हात पुसत आत आले, आन् काय केलं? लिंबू कापलं. पत्र्यावर पिळायचे तसं लेकराच्या तोंडात पिळलं, जबडा दाबून. दवाखान्यात डॉक्टर म्हनला, "लिंबू कोनी पाजलं? शहाना कोन हाय तो?" तुम्ही मायकडं बोट केलं. "ही अडानी बाई. लक्ष बी ठेवत न्हाई लेकरावर." माय खाली बघत उभी राह्यली. जलमभर गल्लीत बायका म्हनत राह्यल्या, हिनं पोराचा गळा जाळला. तुम्ही ऐकत होते, चहा पित होते.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, बाटली आता जाईल. गेली की! माठाच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूला गेली.

मग मला तुमच्याच हाताखालच्या गड्याला दिलं, लातूरला. "हात सोन्याचा हाय त्याचा, सगळं माझं शिकलाय," म्हनले. हाव, सगळंच शिकलाय. लग्नाच्या दुसऱ्या साली तुम्ही गेले. मला रडू येईना, तव्हा कांद्याचा हात डोळ्याला लावला. लोक म्हनले, लेकीचा लई जीव होता बापावर.

त्याच रात्री ती बाटली मी मोरीत ओतली. सकाळी पुन्हा भरलेली. मी म्हनलं, "लेकरू मरंल हो." तर नवरा हसायला लागला. "उस्तादांनी वीस वर्ष घरात ठेवली, मेलं का कोनी?"

"माझा भाऊ दिसत न्हाई का तुम्हाला?"

"त्याला तुझ्या मायनं लिंबू पाजलं. उस्तादांनी सोता सांगितलं मला."

बघा अण्णा. मेले तरी खोटं बोलून राहिले तुम्ही. मी खरं काय ते सांगितलं तर कानाखाली बसली, फोन काढून घेतला, दाराबाहेर पाय टाकायचा न्हाई म्हनला. सासूला, म्हातारीला, बसवलंय उंबऱ्यात. रात्रभर मी लेकीला पोटाशी धरून ओट्याकडं तोंड करून बसते, आन् दिवसा बाटली माळ्यावर टाकते. तो आला की पुन्हा खाली काढतो. म्हनतो, घाईच्या टायमाला हाताशी लागती.

आता एक सांगते, हे मायला बी सांगितलं न्हाई. भाऊ त्या दिवशी बाटली उचलून पिला न्हाई. "अक्का, पानी," म्हनला. मी सात वर्षांची. माठापाशीच खेळत होते, उठायचा कंटाळा, न बघता हाताला आली ती बाटली दिली. तुम्ही मायकडं बोट केलं तव्हा मी तिथंच उभी होते, आन् मला बरं वाटलं. तुम्हाला खोटारडे म्हनते मी, पन तुमचीच लेक हाय.

हा कागद तुम्हाला पोचायचा न्हाई. लेकीच्या खाऊच्या डब्यात पोळीखाली ठेवते. म्हातारी सोडती तिला अंगणवाडीत, डबा तिथंच उघडतो. बाई, न्हाईतर ज्याच्या हाती पडंल त्यानं, माझ्या भावाला फोन करा. नंबर मागं लिहिलाय. आवाज घोगरा येईल, अर्धे शब्द कळनार न्हाईत, ठेवून देऊ नका, तो तसाच बोलतो. वर मी त्याला पानी म्हनून बाटली दिल्याचं लिहिलंय, तेवढं वाचून दाखवू नका. एवढंच सांगा, अक्काच्या घरात बाटली ओट्यावर हाय. तो निघंल.