ती. स्व. भाऊजींची फौजी गाडी

आदिलाबाद,
१२ जानेवारी १९८८

ती. स्व. सुधाकरराव भाऊजींच्या चरणी मेहुणा उद्धवचा मनापासून नमस्कार.

(वरच्या 'ती. स्व.' मधला 'स्व.' हा तीर्थस्वरूपातला आहे, हे कृपा करून आधी ध्यानात घ्या. तीस वर्षं तुम्हाला असंच लिहीत आलो, कधी खुलासा करावा लागला नाही. आता का लागतोय, ते पुढं येईलच.)

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. पद्मजाचे गुडघे थंडीनं धरले आहेत, बाकी काही नाही. तुमची प्रकृती कशी आहे? हे मी रिवाज म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय. जेवण जातं का, झोप लागते का, सकाळी फिरायला जाता का, आणि जाता तेव्हा यवतमाळची चार भली माणसं तुम्हाला चालताना बघतात का, हे सविस्तर कळवा. कुमुदताई कुंकू लावते ना? (लावतच असेल. आपलं विचारून ठेवलं.) दिवाळीपासून मी दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. तुमचं शेवटचं लिखाण म्हणजे जुलैतलं ते पोस्टकार्ड. त्यावर पत्ता सोडून एकच शब्द होता: 'पोपटी?'

होय भाऊजी, पोपटी. चूक माझीच. रंगवलेल्या जीपचा मी पाठवलेला फोटो काळा-पांढरा होता, मी गप्प बसलो असतो तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं. पण इतिहासाच्या मास्तरानं पुरावा दडवू नये म्हणून लिहून बसलो. तुम्ही कामठीच्या लिलावातून घेतलेली, ब्रह्मदेशाची आघाडी पाहून आलेली (असं तुम्ही सांगता आणि मी तसंच भाषणात सांगतो) जीप आमच्या 'सैनिकी इतिहास हौशी मंडळा'ला दिली, तेव्हा एकच अट घातली होती, की रंग फौजेचाच राहिला पाहिजे. ती अट मी भगवानरावांना शब्दशः सांगितली होती. भगवानराव म्हणजे बेल्याचे आमचे सभासद, ज्यांच्या कापसाच्या कोठ्यात जीप उभी असते. ते म्हणाले, "मास्तर, हिरवाच ना? हाय आपल्याजवळ." होता, पण तो पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला. ओला असताना बराच लष्करी दिसत होता.

मंडळाचं म्हणाल तर जोरात चाललं आहे. कागदावर एकवीस सभासद आहेत, हजर तीन असतात: मी, भगवानराव, आणि बेल्लमपल्लीचे चंपतराव. चंपतराव खाणीत पस्तीस वर्षं पंप दुरुस्त करून निवृत्त झाले, त्यामुळे जीपच्या इंजिनातून पाणी काढायचा त्यांचा हातखंडा आहे. पेट्रोल आत कसं जातं यावर मात्र त्यांचा अभ्यास अजून चालू आहे. वाहन विभागात तुमची जीप आणि एक साइडकार एवढं आहे. साइडकारची मोटरसायकल मिळायची आहे. तोवर आम्ही ती जीपच्या बाजूला विटांवर ठेवतो आणि बघणारे तिला होडी समजतात.

वांकिडीच्या प्रदर्शनाचं मी तुम्हाला कळवलं नव्हतं, मुद्दामच. गावच्या शिवेवर जीप बंद पडली. चंपतरावांनी बॉनेट उघडलं, आत डोकावले, आणि बॉनेट पुन्हा लावून म्हणाले, "बैल आना." तेव्हा भगवानरावांच्या व्याह्यांची जोडी जुंपून आम्ही गावात शिरलो. (माझं व्याख्यान 'यंत्रयुगातील युद्ध' यावर होतं. ते मी चालता चालता बदलून 'तोफखान्यातील बैलांचे स्थान' असं केलं, आणि खरं सांगतो, ते जास्त रंगलं.) पण रस्त्यात बघतो तर पुरुष माणूस औषधाला नाही. आमच्याकडे गावात जीप येते ती तीन कामांना: मतं मागायला, जप्तीला, नाहीतर नसबंदीच्या शिबिराला. निवडणूक नव्हती. जप्तीला कोणी बैल लावून येत नाही. तेव्हा गावानं उरलेला अर्थ काढला आणि सगळे गडी शेतात पळाले. व्याख्यानाला बाया तेवढ्या होत्या, त्यांनी मात्र जीपला हळदकुंकू वाहिलं.

अशा सगळ्या तपश्चर्येनंतर यंदा आम्हाला सव्वीस जानेवारीच्या संचलनात जागा मिळाली आहे. इथल्या मोठ्या मैदानावर, मुलींच्या लेझीमनंतर आणि शेतकी खात्याच्या चित्ररथाआधी. तीन वर्षं अर्ज करत होतो भाऊजी. मंडळाला लोक हसतात, हे मला माहीत आहे. घरातलेही हसतात, तेही माहीत आहे. एकदा भर मैदानात तुमची जीप स्वतःच्या चाकांवर, बैलांशिवाय गेली, की माझं काही म्हणणं नाही. पण आज ती सील होऊन पडली आहे आणि मध्ये चौदा दिवस उरले आहेत.

झालं असं. गाडीचे कागद अजून तुमच्या नावावर, म्हणून परवानगीसाठी अर्ज एका ऑफिसात द्यावा लागला (नाव लिहीत नाही, तिथं माझी अजून कामं आहेत). मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'माझे ती. स्व. सुधाकरराव, निवृत्त सुभेदार, यांची लष्करी गाडी.' दारातला चपराशी भला माणूस. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "साब, लष्करी बोले तो यां कोई समझता नै. फौजी लिखो." मी 'लष्करी' खोडून 'फौजी' केलं. आत नवीन लागलेला गुमास्ता होता, त्याला मराठीवरून तेलुगूत अर्ज उतरवायचा होता. आता या खात्याचं कसं आहे, की माणूस मेला आणि त्याची जमीन पोरांच्या नावावर करायची म्हटली, की ती 'फौती' केस. निजामाच्या अमदानीपासून हाच शब्द, तेलुगूतही हाच. त्या बिचाऱ्याचा हात दिवसाला दहा फौत्या लिहितो. त्यानं माझा अर्ज पाहिला, 'फौजी' पाहिलं, थबकला. मग मागं पाहिलं तर 'स्व. सुधाकरराव' लिहिलेलं. त्याची शंका फिटली. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा मोठ्या अदबीनं म्हणतो, "सार, आपका स्पेलिंग मिस्टेक था. मैं ठीक करा." आयुष्यभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि तेवढ्यानं माझा भाऊजी गेला.

मी म्हणालो, ते जिवंत आहेत. तो म्हणाला, मग तुम्ही 'स्व.' का लिहिलं? मी तीर्थस्वरूप समजावून सांगायला लागलो. (वडील माणसाला तीर्थ का म्हणायचं, इथून सुरुवात करावी लागली.) त्यानं शांतपणे ऐकलं आणि उत्तर दिलं की तीर्थ हे सुद्धा माणूस गेल्यावरच देतात.

फौती केसमध्ये गाडी असली, तर वारस ठरेपर्यंत ती सील होते. त्याप्रमाणे गिरदावर बेल्याला जाऊन पंचनामा करून आले. (गिरदावर म्हणजे महसूल खात्याचे फिरते साहेब, तुम्हाला ठाऊकच आहे.) स्टिअरिंगला सुतळी, बॉनेटच्या टोकाला लाखेचा मोठा शिक्का. पोपटी अंगावर ती लाल चोच आल्यापासून रंगाचा वाद मिटला आहे. आता तो पोपटच आहे. सोबत एक लेखी हुकूमही दिला, तो मी जपून ठेवला आहे: 'मयत हयात असल्याची हरकत असल्यास मयताने ओळखीच्या दोन इसमांसह समक्ष हजर राहावे.' हरकत आली तर केस वर जाणार आणि तीन महिने कुठं गेले नाहीत. हरकत नसली तर वारसाकडच्या एका माणसाच्या सहीवर तीन दिवसांत सील निघतं. आमच्या जिल्ह्यात मरणं सोपं आहे, जगायला वेळ लागतो.

गिरदावरांच्या तोंडून 'फौत' हा शब्द भगवानरावांच्या मातोश्री बयनाबाईंनी ऐकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी बेल्याला उतरलो तर कोठ्यापुढं ही गर्दी. चाळीस-पन्नास माणसं, सतरंजी, हार, आणि जीपच्या काचेला टेकवलेला तुमचा फोटो, तोच, ज्यात तुम्ही जीपवर पाय ठेवून उभे आहात. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला इतकी माणसं कधी आली नव्हती. चंपतराव बेल्लमपल्लीहून रात्रीच निघून आले होते आणि कोपऱ्यात डोळे पुसत होते. मी ओरडून सांगितलं, "अहो, भाऊजी जिवंत आहेत!"

बयनाबाई म्हणाल्या, "खरं हाय बाप्पा. असा माणूस मरते का कधी?"

"तसं नाही हो. यवतमाळला आहेत. घरी."

भगवानरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, आमाले समजते. पण तुमी काऊन लपवून राह्यले? साहेबाच्या कागदावर लिवलं हाय. रडून घ्या."

मग मला बोलायला उभं केलं. भाऊजी, आता जे लिहितोय ते तुम्ही हसण्यावारी न्याल, न्या. मी खोटं दोन शब्द बोलून बसणार होतो. पण फोटोकडं पाहिलं आणि आठवलं, मी नऊ वर्षांचा असताना तुम्ही रजेवर आला होता, नवे जावई, आणि सगळे मोठ्यांशी बोलत असताना तुम्ही माझ्यासमोर जमिनीवर बसून काड्यांनी इरावती नदी मांडली, चिंचोक्यांच्या पलटणी केल्या, आणि मला विचारलं, "बोला जनरल, आता पूल कुठं बांधायचा?" मला तोवर कोणी 'बोला' म्हटलं नव्हतं. इतिहास मी तिथं शिकलो, बाकीचा नुसता शिकवला. हे सांगत होतो आणि माझ्या मनात आलं, सहा महिने झाले, या माणसाचा कागद नाही. ते गेलेच असतील तर? मला कोण कळवणार, मी तर पोपटी रंगाचा अपराधी. खोटं बोलायला उभा राहिलेला माणूस खरंच रडला, आणि लोक म्हणाले, मास्तरांचा जीव होता हो.

तर थोडक्यात अशी हकीकत आहे. तेव्हा पत्र पोहोचताच दोन ओळखीचे इसम घेऊन ताबडतोब या, त्या ऑफिसात छाती काढून उभे राहा, आणि आपण हयात आहात हे दाखवून द्या. कुमुदताईलाही आणा. तुमच्या मानाची, मंडळाच्या इभ्रतीची आणि माझ्या शुद्धलेखनाची ही बाब आहे. मुलांना आशीर्वाद, ताईला नमस्कार.

आपला कृपाभिलाषी,
उद्धव

ता. क. वर 'ताबडतोब या' असं लिहिलं आहे. पुन्हा विचार करता सव्वीस तारखेनंतरच या, हे बरं. सत्तावीसला सकाळच्या पांढरकवड्याच्या गाडीनं निघालात तर उत्तम. तोवर तुम्ही आदिलाबाद जिल्ह्याच्या हद्दीत कोणाला दिसू नये, एवढीच खरी विनंती आहे. कारण शोकसभेला गिरदावरही आले होते, त्यांनी तिथंच कागद पुढं केला, आणि डोळ्यांत पाणी असल्यानं मी काय वाचलं ते मला नीट आठवत नाही. सही मात्र सुवाच्य आली आहे. उद्या सील निघतंय.

ता. क. चंपतराव गाडी घासून नवा रंग देणार आहेत, अगदी तुम्ही सांगितला होतात तोच. दोन डबे आणून ठेवले आहेत, मी स्वतः झाकण उघडून पाहिलं. फक्त दारावर भगवानरावांनी 'स्व. सुभेदार सुधाकरराव यांच्या स्मरणार्थ' असं शिंगांच्या रंगानं लिहिलं आहे, तेवढं संचलनापर्यंत राहू द्या. पुसलं तर बयनाबाईंना वाईट वाटेल.

ता. क. जोडीला कोरं पोस्टकार्ड पाठवतोय, माझा पत्ता घालून. त्याचं ऑफिसला काही काम नाही, ते मला हवं आहे. फार लिहायची गरज नाही. मागच्यासारखा एकच शब्द लिहिलात तरी पुरे, आणि तोच लिहिलात तरी चालेल. फक्त ताईकडून लिहवून घेऊ नका, तुमच्या हातानं लिहा.