सुतारकामात येऊ नकोस

चि. भाचीबाईंस,

सुतारकामात शिरायचं तर सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. खरं सांगू? करूच नकोस.

आधी नुसती पटाशीला धार लावत बसायचं. महिनोन्‌महिने लाकडाला हात लावू देत नाहीत. पुढे रंधा मारून मारून कंबर धरते. परवा एका घरी दार बसवलं, अगदी अलगद मिटणारं. घरधनीण म्हणाली, "सकाळपासून एवढंच?" शिवाय तुझी आई माझी सालटी काढेल, ते वेगळंच. "कॉलेज सोडून भुसा झाडणार का ती?" असं फोनवर विचारून झालंय तिचं.

थकलोय गं. संध्याकाळी हातात कपसुद्धा धड धरवत नाही.

एवढं लिहून उठलो आणि कामाच्या टेबलावरचा, लाकूड पकडायचा व्हाइस उपटून उजव्या टोकाला बसवला. इतकी वर्षं तो डावीकडे होता. आता येता-जाता त्याचा दांडा माझ्याच मांडीत बसतोय. पण तू डावखुरी ना, तुला तो उजवीकडेच लागेल.

हे पत्र काही टाकत नाही. मोठ्यांचं ऐकायची वाईट खोड आहे तुला.

तुझा,
मांडी काळीनिळी झालेला मामा