वळणावरचा एक मिनिट

मंगळवार, संध्याकाळ. मूल गावाजवळचा ढाबा.

आज ऑफिसातून फोन आला. साहेब म्हणे, अर्जंट मालाची गाडी जंगलातल्या त्या वळणावर दर खेपेला एक मिनिट काऊन थांबते? त्यांच्या स्क्रीनवर दिसते म्हणे. गाडी थांबू नये म्हणून तर एका गाडीवर आम्ही दोन ड्रायव्हर.

मले काय माहीत? तो टप्पा दसरूभाऊ चालवते अन् मी केबिनमधल्या मागच्या बर्थवर झोपलो राह्यतो. दोन वर्षं झाली. झोपेत ब्रेक लागल्यासारखा वाटते, दार वाजते, मंग गाडी चालू. लघवीले माणूस इतका नेमका एकाच जागी थांबत नाई.

चहा घेताना विचारलंच. दसरूभाऊ एटापल्लीकडचा गोंड माणूस, कमी बोलते. म्हणे, "वळणावर आमचा देव आहे. जाणाऱ्याले एक दगड ठेवून जावं लागते."

"न ठेवला तं?"

"कोणाले माहीत. मी कधी चुकवला नाई."

पण एक दगड ठेवाले एक मिनिट लागते का? डोक्यातून जाईच ना. बिल देताना पुन्हा विचारलं, एवढा वेळ काऊन?

तो माह्याकडे न पाहता म्हणे, "दोन शोधा लागते ना. तू तं झोपून राह्यतं."

दोन वर्षांत माह्या वाटचे किती दगड झाले असतील तिथी? अन् मी ते वळण धड पाहिलं बी नाई.

साहेबाले फोन करून सांगितलं, वळण अवघड आहे, एक मिनिट लागतेच.