शेवटच्या बाकावरचा हात

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. थोर शिक्षकांच्या रोजनिशा पुढे लोकांना उपयोगी पडतात.

विद्यापीठात गणित अध्यापनाच्या कोर्सचं माझं हे तिसरं वर्ष. कोर्स दोनच वर्षांचा आहे, पण मी खोलात जातो. अंतिम पाठ २ मार्चला, बाहेरच्या परीक्षकांसमोर. नियमाप्रमाणे ही शेवटची संधी. पास झालो की सराव शाळेतली गणिताची रिकामी जागा माझी. नाहीतर पुन्हा कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर लेबलं. असं बायको म्हणते. ती दवाखान्यात नर्स असल्यामुळे तिला वाईटच आधी सुचतं.

पाठाचा घटक : ऋण संख्यांचा गुणाकार. वर्ग आठवी ब. टाचण झकास झालंय. डाव्या रकान्यात 'शिक्षक कृती', उजव्यात 'विद्यार्थी कृती'. उजवीकडे मुलांची सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवली. "विद्यार्थी कुतूहलाने पाहतील." "विद्यार्थी नियम आनंदाने मान्य करतील."

३ फेब्रुवारी
पहिला सराव पाठ. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, असा नियम लाल खडूने चौकटीत लिहिला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात वर. दोन वेण्या, शाई लागलेली बोटं. तिने विचारलं, "सर, पण का?"

टाचणात हे नव्हतं. नियम आहे म्हणून, असं शांतपणे सांगितलं. हात बराच वेळ वरच होता. विद्यार्थ्यांनी टाचण पाळलं नाही, अशी नोंद केली.

आमच्या मार्गदर्शक बाई मागे बसून वहीत लिहीत होत्या. डोकावून पाहिलं. 'विद्यार्थी कृती' लिहून पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलेलं. भारावल्या असाव्यात.

५ फेब्रुवारी
बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येतं का, असं विचारलं. म्हटलं, येतं, फक्त शब्दांत मांडायचंय. त्यांनी एका पुस्तकाचं नाव आणि पान नंबर दिला, अर्धा तास पुरेल म्हणाल्या. अर्ध्या तासात होणारी गोष्ट आजच करायची गरज नाही. रविवारी.

८ फेब्रुवारी, रविवार
ग्रंथालय बंद. रविवारी बंद असतं हे कुणी सांगायला नको?

९ फेब्रुवारी, सोमवार
वर्गात शिरलो आणि ती चौथ्या बाकावर. शेवटच्या नाही. वर्गशिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, दर सोमवारी प्रत्येक रांग एक बाक पुढे सरकते, पहिला बाक शेवटी जातो, म्हणजे सगळ्यांना फळा दिसतो. ठीक. घरी येऊन हिशेब केला. रांगेत पाच बाक, २ मार्चपर्यंत पाच सोमवार. म्हणजे चक्र पूर्ण होऊन त्या दिवशी ती बरोब्बर शेवटच्या बाकावर. परीक्षक पुढे बसणार, हात मागे. गणित माणसाला असं तारतं.

१२ फेब्रुवारी
पुन्हा हात. आज तयारीने गेलो होतो. म्हटलं, हे बघ, नाही नाही म्हणजे हो, तसंच. तिने विचार केला. मग म्हणाली, नाही नाही म्हणजे जोरात नाही, सर. वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. 

छातीत धडधडलं. चहा कमी करायला हवा.

१६ फेब्रुवारी
तिसरा बाक. तिचे डोळे तपकिरी आहेत हे आज दिसलं. संख्यारेषेवर पुठ्ठ्याचा माणूस सरकणारं साधन बनवायचं ठरवलं.

२० फेब्रुवारी
तीन दिवस साधनात गेले. माणसाला टोपीही घातली. उलटं तोंड करून उलटा चालला की तो पुढे जातो, असं दाखवलं. तिने विचारलं, तो उलटा का चालतोय? खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही.

पुस्तक आणायला निघालो होतो, पण शिंका आल्या. ग्रंथालयात धूळ फार.

२३ फेब्रुवारी, सोमवार
दुसरा बाक. दुसरा कसा? पुन्हा हिशेब केला. २ तारखेचा सोमवारही मी मोजला होता. त्याच दिवशी सरकून ती शेवटच्या बाकावर आली होती, पुढचे सोमवार चारच. म्हणजे २ मार्चला पहिला बाक. परीक्षकांच्या खुर्चीपासून एक हात अंतर.

वर्गशिक्षकांना म्हटलं, येत्या सोमवारी बाकं नका सरकवू. ते म्हणाले, मुलांवर अन्याय होईल.

२७ फेब्रुवारी
जेवताना बायकोने विचारलं, अहो, घाबरलाय का? म्हटलं, छे. ती म्हणाली, ऑपरेशनला जाणारे सगळे असंच म्हणतात.

उद्या पुस्तक. नक्की.

१ मार्च
काल टाचण सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवलं. त्यात दिवस गेला. आज रविवार. ग्रंथालय बंद.

२ मार्च, दुपारी ३
पाठ झाला. 

सगळं टाचणाप्रमाणे चाललं. शेवटी परीक्षक मुलांकडे वळले आणि कुणाला शंका आहे का म्हणाले. पहिल्या बाकावर तिचा हात उठू लागला. खांद्यापर्यंत आला. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. मी मनातल्या मनात तिच्या हातापाया पडत होतो, तेच दिसलं असणार.

हात खाली गेला. "नाही सर," ती म्हणाली, "समजलं."

परीक्षकांनी सही केली. बाईंनी वही मिटली आणि माझ्याशी न बोलता निघून गेल्या. घाईत असतील.

६ एप्रिल
पास. प्रथम श्रेणी. जागा मिळाली. बायकोने शेजारच्यांना सांगितलं. मी लवकर झोपलो.

१५ एप्रिल
आठवी ब आता माझ्याकडे. वर्ग शांत आहे. कुणी काही विचारत नाही. शिस्त चांगली.

आज मधल्या सुट्टीत सहज ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक काढलं. ते पान वाचायला वीस मिनिटं लागली. तीन गुणिले उणे दोन, मग दोन गुणिले तेच, एक गुणिले तेच, शून्य गुणिले तेच. पहिली संख्या एकेकाने उतरते, तसं उत्तर उणे सहापासून दोन-दोनने चढत शून्यावर येतं. मग उणे एकाला ते आणखी दोन चढून धन दोन होणारच. बस, इतकंच. फळ्यावर पाच ओळी.

२२ एप्रिल
नववीच्या विषयनिवडीचे फॉर्म सहीला आले. तिचाही आहे. पूर्ण गणित सोडून सोपं गणित घेतलंय. कारणाच्या जागी लिहिलंय : मला गणितातलं कळत नाही, उगाच प्रश्न पडतात.

तिला बोलावलं. फळ्यावर त्या पाच ओळी लिहिल्या. एकदा, मग पुन्हा सावकाश. तिने नीट ऐकलं. मान हलवली. मी विचारलं, आता काही विचारायचंय? खूप वाट पाहिली. मला फार लाज वाटत होती.

"नाही सर. तेवढी सही द्या ना, फॉर्म आजच द्यायचाय."

सही केली.