यांच्या कंपनीचा शेअर

छत्रपती संभाजीनगर,
२८ ऑगस्ट २०२५

चि. मधूस, ताईचे अनेक आशीर्वाद.

काल गणपती बसले. मोदक अकराच केले, खाणारी मी एकटी. गुडघ्याचं विचारू नकोस. डॉक्टर ऑपरेशनच म्हणतात, आणि त्याचे पैसे सगळे यांच्या कंपनीच्या शेअरमध्ये आहेत. तू म्हणतोस, सगळं एका कंपनीत नको, निर्देशांकाच्या फंडात ठेव. अरे शहाण्या, परवा तो तुझा सेन्सेक्स आठशेच्या वर आपटला! आपला शेअर फक्त बारा रुपयांनी. मी रोज संध्याकाळी बातम्या बघून दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहिते. आता सांग, चंचल कोण? यांनी तीस वर्षं तिथं मान खाली घालून काम केलं. शेअरही त्यांच्यासारखाच शांत आहे.

तब्येतीला जप, आणि माझ्यावरचा लोभ सेन्सेक्ससारखा घसरू देऊ नकोस.

तुझी,
कालिंदीताई


नाशिक,
४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोनवर आकडे सांगायला लागलो की तुझं दूध गॅसवर असतं, म्हणून पत्र.

तू अंकांची तुलना रुपयांशी केलीस. सेन्सेक्स ऐंशी हजारांच्या घरात, त्यातले आठशे म्हणजे एक टक्का. तुझा शेअर दोनशे चाळीसचा, त्यातले बारा म्हणजे पाच टक्के! शेकडेवारी मला तूच शिकवलीस, तीही कान धरून. सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या आहेत. पंगतीत एकाला ठसका लागला तरी बाकीचे जेवत असतात. कधी सगळ्या पंगतीलाच लागतो, नाही असं नाही. म्हणून शेअर विकून ऑपरेशनचे पैसे बँकेत ठेव, उरलेले फंडात. कॅलेंडरवरच्या आकड्यांचे टक्के काढून बघ.

चुकलो असेन तर पुन्हा कान धर, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
मधू


छत्रपती संभाजीनगर,
१४ सप्टेंबर २०२५

चि. मधूस, अनेक आशीर्वाद.

काढले टक्के. महिन्याभरात सेन्सेक्स एकदाही दीड टक्क्याच्या पलीकडे हलला नाही. आपला शेअर सात वेळा तीन टक्क्यांच्या वर उडाला किंवा पडला. तू जिंकलास, पेढे खा.

पण मधू, मला तो विकताच येत नाही. शेअर दोघांच्या नावावर आहेत, पहिलं नाव यांचं. यांना जाऊन चार वर्षं झाली, मी कुठंच कळवलेलं नाही. दरवर्षी लाभांशाचं पत्र येतं, पाकिटावर ‘श्री. दिगंबर वैजापूरकर’. या घरी त्यांच्या नावानं येणारं तेवढं एकच पत्र उरलंय. कळवलं की ते नाव काढून टाकणार. माझ्याच हातानं तो अर्ज देऊ?

हसू नकोस. लोभ ठेव.

ताई


नाशिक,
२० सप्टेंबर २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हसलो नाही. पत्र दोनदा वाचलं. मी टक्के मांडत बसलो, तुला विचारलं मात्र काहीच नाही. चुकलं माझं.

एकच लिहितो. मे महिन्यात आलो तेव्हा तू जिना बसून बसून उतरलीस. भाऊजींनी ते पाहिलं असतं तर शेअरचं काय केलं असतं, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

अर्ज द्यायचा की नाही ते तू ठरव. काहीही ठरवलंस तरी मी तुझाच.

मधू


छत्रपती संभाजीनगर,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मधूस, अनेक आशीर्वाद.

झालं सगळं. मृत्यूचा दाखला आणि अर्ज दिला, नाव निघालं, शेअर विकले. त्या रात्री खूप रडले, खोटं कशाला सांगू. ऑपरेशन चोवीस तारखेला आहे, तू बावीसलाच ये.

उरलेले पैसे फंडात घालायला काल क्रांती चौकात गेले. कडुबा रिक्षावाल्यानं हात दिला आणि मावशी, लई सावकाश उतरा म्हणाला. फॉर्ममध्ये वारसाचा रकाना होता. पेन टेकवलं आणि हातानं सवयीनं यांचंच नाव लिहिलं. माझ्यानंतर कोण, तर हे! काउंटरवरच्या बाईंनी वाचलं आणि नवा फॉर्म पुढं सरकवला.

त्यावर तुझं नाव घातलंय. तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेस, तेव्हा माझ्याआधी जायचं नाही. लोभ आहेच तुझा, हे वचन तेवढं दे.

तुझी,
ताई